उजवीकडचा खिसा

ज्या कोटावर विद्यापीठात प्रबंध लिहिले गेले, तो कोट मी शिवलेला आहे. शिवलेला म्हणणंही जरा फुशारकीचंच. खरं सांगायचं तर मी तो उसवला आणि उलटा करून पुन्हा जोडला.

शिंपीकामाशी ज्यांचा संबंध नाही त्यांना हे समजावून सांगायला हवं. पूर्वी चांगलं लोकरी कापड सहज मिळत नसे. दहा-बारा वर्षं वापरून कोटाची बाहेरची बाजू विटली, कोपरं चकाकायला लागली, की माणूस तो कोट घेऊन शिंप्याकडे यायचा. शिंपी सगळ्या शिवणी उसवायचा, अस्तर वेगळं करायचा, एकेक तुकडा पालथा घालायचा, आणि ज्या बाजूनं कधी ऊन पाहिलं नाही ती बाहेर आणून कोट परत उभा करायचा. कोट नवाकोरा दिसायचा. एकच गोष्ट त्याची चुगली करायची. पुरुषांच्या कोटाला छातीवरचा खिसा डावीकडे असतो. तुकडे पालथे घातले की डावा भाग उजवीकडे जातो आणि खिसाही त्याच्याबरोबर निघतो. जुनी काजं रफू करून लपवता येतात. खिशाची चीर सहजासहजी लपत नाही. उजवीकडे खिसा असलेला कोट घालून कोणी लग्नाला आला, की जुना शिंपी काही बोलत नाही. मनात हसतो आणि जेवायला बसतो.

आमचं दुकान म्हैसूरला, नजरबाद भागात, कचेऱ्यांच्या मागच्या गल्लीत. आजोबांनी मांडलेलं, वडिलांनी वाढवलेलं आणि मी माझ्या तोंडानं गाजवलेलं. घरात मराठी, दुकानात कन्नड, आणि भांडायचं असलं की दोन्ही. माझं नाव पांडुरंग. गिऱ्हाइकं पांडण्णा म्हणतात. माप घेताना गप्प बसलेला मी कुणाला आठवत नसेन. एक साहेब माप देताना श्वास असा ओढून धरायचे, की कोट तयार झाल्यावर त्यांना तो श्वास सोडता येत नसे. मी त्यांना सांगितलं, "सर, हा कोट फक्त पाण्याखाली घाला." दसऱ्याच्या आधी बँडवाल्यांचे गणवेश यायचे. एका ढोलवाल्याचं माप मी ढोल न लावता घेतलं. बन्नीमंटपच्या मैदानावर दुपारच्या तालमीत त्यानं पहिला दणका हाणला आणि पाठीची शिवण वरपासून खालपर्यंत गेली. तेव्हापासून ढोलवाल्याचं माप मी त्याच्या गळ्यात ढोल अडकवूनच घेतो.

असे किस्से माझ्याकडे पोतंभर आहेत. आपल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी लिहा असं संपादकांनी सांगितलं, तेव्हा मला वाटलं होतं तेच ओतावेत. पण हा लेख लिहायचं कारण वेगळं आहे, आणि ज्यांनी तो लिहायला लावला त्यांनी मला हसवायला मनाई केली आहे. थोडंफार हसवून झालं ते वर. आता कोटाकडे येतो.

तीस वर्षांपूर्वी एक दिग्दर्शक आमच्या गावात एक चित्रपट काढायला आला. एकाच लेखकाच्या चार कथा, चारही वेगळ्या, पण सगळ्या एकाच छोट्या गावात घडणाऱ्या. नाव मी लिहीत नाही. आपल्या गावातले लोक ओळखतील, बाहेरच्यांनी ओळखलं नाही तरी चालेल. आज तो चित्रपट अभिजात वगैरे म्हणतात. तेव्हा आमच्यासाठी तो म्हणजे सत्तावीस सदरे, चौदा कोट आणि एक भयंकर डोकेदुखी. कारण त्या दिग्दर्शकाचा एक नियम होता. पहिल्याच दिवशी दुकानात उभा राहून, बोट वर करून तो म्हणाला, "एका कथेतला कपडा दुसऱ्या कथेत दिसता कामा नये. बटणसुद्धा नाही. चार कथा म्हणजे चार घरं. या घरचं धोतर त्या घरच्या दोरीवर वाळत पडलेलं मला दिसलं तर बघा."

चित्रपटाचे कपडे शिवणं हे अर्धं शिवणं आणि अर्धं बिघडवणं असतं. नवा सदरा चहाच्या पाण्यात बुडवायचा, दगडावर घासायचा, कॉलर वस्तऱ्यानं खरवडायची, खिशात आठवडाभर मुठीएवढा धोंडा ठेवायचा म्हणजे खिसा लोंबतो. कोटाला माणूस राहून गेल्यासारखं दिसायला हवं. या कामात मी तयार होतो आणि तयार आहे हे सगळ्यांना सांगतही होतो.

चौथी कथा दोन भावांची. आईचा एकच फोटो, त्यावरून भांडण, आणि वीस वर्षांचा अबोला. थोरला भाऊ तो फोटो घेऊन गेलेला. शेवटी म्हातारपणी तो धाकट्याच्या घरी येतो, काही न बोलता कोटाच्या वरच्या खिशातून फोटो काढतो, टेबलावर ठेवतो, एक वाक्य म्हणतो आणि निघून जातो. वाक्य असं, अर्थात कन्नडमध्ये: "आईला तुझ्याकडंच राहू दे. माझ्याकडं ती कधी बोललीच नाही."

या थोरल्या भावासाठी दिग्दर्शकानं आमच्या जिवाजीमामांना घेतलं.

जिवाजीमामा म्हणजे माझे सख्खे मामा नव्हेत. जुन्या फौजी मराठ्यांपैकी. पणजोबा घोडदळात, स्वतः मामा समोरच्या कचेरीत कारकून. वय तेव्हा चोपन्न. पण गावात त्यांची ओळख नट म्हणून. गणपतीत मंडळाचं मराठी नाटक असो नाहीतर हौशी मंडळींचं कन्नड नाटक, मामा असायचेच. आणि त्यांचं पाठांतर! स्वतःचीच नव्हे, समोरच्याचीही वाक्यं तोंडपाठ. आमचा प्रॉम्प्टर मामांच्या प्रवेशात विंगेत बसून खुशाल डुलकी काढायचा. एकदा राजाचं काम करणारा नट प्रवेशात अडकला तेव्हा मामांनी, प्रधानाच्या वेशात, "महाराजांच्या मनात असं आहे की..." म्हणून राजाचं सगळं भाषण स्वतःच म्हणून टाकलं होतं. ते सिनेमात जाणार म्हटल्यावर गल्लीनं पेढे वाटले.

रोज जेवणाच्या सुट्टीत मामा दुकानात यायचे. मी त्यांना सरावासाठी साध्या कापडाचा एक कच्चा कोट शिवून दिला होता. तो चढवायचे, आमच्या उंच आरशासमोर उभे राहायचे, आणि सुरू. चालत येणं, थांबणं, उजवा हात छातीवर डावीकडे नेणं, दोन बोटांनी फोटो काढणं, ठेवणं, वाक्य. फोटोच्या जागी आमच्या दुकानाच्या पावतीपुस्तकातलं एक पान. हात कितव्या क्षणाला निघाला पाहिजे, बोटं किती आत गेली पाहिजेत, सगळं ठरलेलं.

"पांडू, हाताला डोळे फुटले पाहिजेत बघ," ते म्हणायचे. "नट भावाच्या तोंडाकडं बघत असतो. खिशाकडं बघितलं की संपलं. नाटक गेलं, शिंप्याचं दुकान राहिलं."

"दुकानाला नावं ठेवू नका मामा, बाही आखूड करीन."

"कर की. हात तेवढाच लवकर खिशात पोचेल."

खऱ्या कोटासाठी दिग्दर्शकानं कापड स्वतः आणलं होतं. कुठल्याशा बंद पडलेल्या दुकानाच्या माळ्यावर सापडलेला एकुलता एक तुकडा. काळपट, वर मऊ लव, खालची बाजू मात्र गोणपाटासारखी. "यात चूक नको," तो म्हणाला, "दुसरा तुकडा जगात नाही."

आता माझी पहिली लाज. कापड बेतताना शिंपी ते दुहेरी घालतो. घडीवर कात्री चालवली की डावा आणि उजवा असे दोन्ही भाग एकदम निघतात, आपोआप एकमेकांचे आरसे. पोराटोरांनाही हे माहीत असतं. पण त्या दिवशी दुकानात सिनेमाची मंडळी बसली होती. त्यात नायिकेची धाकटी बहीण होती, आणि ती म्हणाली, "तुम्ही खडूशिवाय बेतता म्हणे?" मी म्हणालो, "खडू शाळेत लागतो." आणि कापडाची घडी उलगडून पूर्ण टेबलभर पसरली, कारण पसरलेल्या कापडावर कात्री फिरताना जास्त छान दिसते. एक पुढचा भाग कापला. गोल वळणावर कात्री हवेत उडवून झेललीसुद्धा. टाळ्या पडल्या. त्याच तोऱ्यात शेजारी दुसरा कापला. तसाच. हुबेहूब.

मंडळी गेल्यावर तुकडे टाचायला घेतले तेव्हा समजलं. माझ्यासमोर दोन डाव्या बाजू होत्या. उजवी बाजू नव्हतीच. एक तुकडा पालथा घालावा, तर त्याचं गोणपाट बाहेर. उरलेल्या कापडात बाही निघाली असती, पुढचा भाग नाही. म्हैसूरचा सगळ्यात बोलका कटर दोन डाव्या बाजू हातात धरून उभा, आणि चित्रीकरणाला अडीच दिवस.

त्या वेळी दिग्दर्शकाकडे जाऊन सांगायला हवं होतं. तो ओरडला असता, चार शिव्या दिल्या असत्या, दुसरं कापड शोधलं असतं. पण ही गोष्ट गावभर झाली असती. पांडण्णानं दोन डाव्या कापल्या! गल्लीतला प्रत्येक शिंपी मरेपर्यंत मला डाव्या हातानं नमस्कार करणार.

पहिल्या कथेतल्या शाळामास्तरचा कोट दुकानातच परत आलेला होता, काम संपलेलं. बाहेरून तपकिरी, आणि आतल्या बाजूनं, देवाची काय लीला, जवळजवळ काळा. मी दुकानाचं अर्धं दार लावून घेतलं आणि दोन दिवसांत तो उसवून, पालथा घालून, मामांच्या मापाचा करून टाकला. इतकं सुंदर काम मी त्याआधी केलं नव्हतं आणि नंतरही नाही. काजांचं रफू तर भिंगातून बघितलं तरी सापडलं नसतं. खिसा मात्र उजवीकडे गेला. ती चीर बुजवून डावीकडे नवा खिसा काढायला आणखी एक दिवस लागला असता. मी स्वतःला म्हणालो, खिसा कोण बघतो?

चित्रीकरण नजरबादच्याच एका जुन्या घरात होतं. खिडकीतून येणारं उतरतं ऊन टेबलावर पडायला हवं होतं, आणि ते फार तर वीस मिनिटं टिकणार. दुसऱ्या दिवशी सगळं बिऱ्हाड दुसऱ्या गावी हलणार. प्रवेश एकाच सलग दृश्यात घ्यायचा, मध्ये तोड नाही. माझ्या कोटाला मुद्दामच उशीर केला होता मी, कुणी निरखून बघायला नको म्हणून. मामांच्या अंगावर तो मीच चढवला. फोटो खिशात मीच ठेवला. त्या क्षणी मला सांगता आलं असतं: मामा, खिसा उजवीकडं आहे. चार शब्द. मामा डोळे मिटून वाक्य घोकत होते. शेजारी सहायक उभा होता. मी कॉलर नीट केली आणि बाजूला झालो.

मामा आत आले. थांबले. भावाच्या तोंडाकडे बघत हात डाव्या छातीवर गेला. तिथं सपाट कापड. बोटं चाचपडली. वर, खाली. मग खालच्या खिशात, या बाजूच्या, त्या बाजूच्या. पुन्हा छातीवर. त्यांचे डोळे भावाच्या चेहऱ्यावरून हलले नाहीत, पण त्यात काहीतरी पडल्यासारखं झालं. शेवटी हात उजवीकडे गेला, फोटो सापडला. तो त्यांनी टेबलावर ठेवला. तोंड उघडलं. वाक्य आलं नाही. ते तसेच उभे राहिले, मग वळून बाहेर गेले.

"कट! अय्यो, मामा, वाक्य?"

पुन्हा घेतलं. हात पुन्हा डावीकडेच गेला. महिनाभर शिकवलेला हात तो. तिसऱ्यांदा तर त्यांनी खिशाकडे खाली बघितलं आणि वाक्य अर्ध्यात तुटलं. ऊन भिंतीवर चढायला लागलं होतं. दिग्दर्शक चाळीस माणसांसमोर ओरडला. काय ओरडला ते सगळं लिहीत नाही. त्यात म्हातारपण होतं, विसरभोळेपणा होता, हौशी नट होते.

मामा हळू आवाजात म्हणाले, "सर, सरावाला खिसा डावीकडं होता." आणि माझ्याकडे वळले. "होय की नाही रे, पांडू? डावीकडं होता ना?"

चाळीस माणसं माझ्याकडे बघत होती. दिग्दर्शक बघत होता. कोट बघत होता असंही म्हणालो असतो, पण विनोद करायचा नाही असं मला बजावलेलं आहे.

मी म्हणालो, "नाही मामा. पहिल्यापासून इथंच आहे." एवढ्यावर थांबलो नाही. माझं डोकं अशा वेळी फार चालतं. मी म्हणालो, "तुम्ही आरशात बघून सराव केलात ना! आरशात उजवं डावं दिसतं. तिथं घोळ झाला तुमचा."

लोक हसले. वाक्य चांगलं होतं, हसण्यासारखंच होतं. मामांनी आपला उजवा हात वर करून बघितला, मग डावा. "हौदा?" ते म्हणाले. म्हणजे, असं आहे काय. आणि मान हलवली. पटलं त्यांना. मला आजही ते पटणं दिसतं.

"साकु," दिग्दर्शक म्हणाला. पुरे. "पहिल्यांदा घेतलेलंच ठेवतो. बघू काय होतं ते."

काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. चित्रपट गाजला, आणि त्यातला सगळ्यात गाजलेला क्षण तोच. वीस वर्षांनी भावाच्या दारात आलेला माणूस, आईचा फोटो स्वतःच्याच अंगावर शोधतोय आणि सापडत नाही. आणि मग बोलत नाही. कथालेखक स्वतः म्हणाले, की मी लिहिलेल्या वाक्यापेक्षा हे गप्प राहणं मोठं आहे. दिग्दर्शकानं ते मान खाली घालून स्वीकारलं. खिसा उजवीकडे का, यावरही लोकांनी लिहिलं. मन जागेवर नसल्याचं ते चिन्ह आहे, असं एकानं. पहिल्या कथेतला मास्तर आणि चौथीतला भाऊ यांच्या कोटाची ठेवण सारखी आहे, म्हणजे चारही कथा एकाच माणसाच्या आहेत, असं दुसऱ्यानं. तो मात्र बराच जवळ आला होता.

मामा चित्रपट बघायला गेले नाहीत. पुढच्या गणपतीत मंडळाचे लोक नाटकाचं विचारायला गेले तेव्हा म्हणाले, "नको. पाठ राहत नाही आता." लोकांना वाटलं, मोठेपणा करतायत. प्रॉम्प्टिंगला तरी या म्हटलं, तर तेही नाही. कचेरीत टाचणं लिहून ठेवायला लागले. घराला कुलूप लावून चार पावलं गेले की परत येऊन ओढून बघायचे. पुढं ते गावातल्याच कुवेंपुनगरला मुलीकडे राहायला गेले. लग्नात भेटले तर मी बघायचो, मांडवाबाहेर उभे राहून खिशातली चिठ्ठी वाचायचे. त्यावर नावं लिहिलेली असायची. कुणाचा मुलगा कोण, सुनेचं नाव काय, नातू कितवीत. वाचून आत जायचे आणि सगळ्यांना बरोबर नावानं हाक मारायचे. ती चिठ्ठी त्यांना कधीच लागली नाही. पण ती नसती तर आत जाता आलं नसतं.

आणि मी? मी पुण्याच्या नातेवाइकांत हा किस्सा सांगायचो. दोन डाव्या बाजू, उलटा कोट, प्राध्यापकांचे लेख. मैफल लोळायची. कात्री उडवून झेलायची नक्कलही करायचो. मामांचा भाग गाळायचो. "नट जरा चाचपडला आणि सिनेमा अमर झाला," एवढंच. वीसेक वर्षं हे चाललं. गोष्ट दर वेळी थोडी सुधारत गेली, आणि त्यातून मामा दर वेळी थोडे कमी होत गेले.

यंदा तो चित्रपट दुरुस्त करून, रंग उजळून गावात पुन्हा दाखवला. कपडे शिवणारा म्हणून मलाही बोलावलं. भाषणात एका तज्ज्ञांनी त्या हातावर वीस मिनिटं घेतली. मी दुसऱ्या रांगेत, आतून गुदगुल्या होत बसलेलो. शेजारच्या बाई रडत होत्या. दिवे लागले तेव्हा ओळख पटली. सुलूताई, मामांची मुलगी.

मी म्हणालो, "काय काम केलंय मामांनी, नाही?"

"पांडुअण्णा," ती म्हणाली, "मी आज पहिल्यांदा बघितलं. बाबांनी घरात बघू दिलं नाही कधी. ते म्हणतात, माझं डोकं गेलं तो दिवस लोक तिकीट काढून बघतात."

मला व्यासपीठावर बोलवत होते. मी गेलो, चार शब्द बोललो, लोक हसले. काय बोललो ते आठवत नाही.

पुढच्या रविवारी सकाळी कुवेंपुनगरला गेलो. मामा चौऱ्याऐंशीचे. व्हरांड्यात पेपर वाचत होते, चष्मा नीट, पाठ ताठ. शेजारी कॅलेंडरवर बारीक अक्षरात दिवसभरात काय काय केलं ते लिहिलेलं. सुलूताईनं कॉफी आणली.

"या, पांडुरंगशेठ! कसं काय येणं केलं?" मामा म्हणाले.

घरून निघताना मी प्रस्तावना तयार केली होती. तिथं ती निघाली नाही. मी सरळ सांगितलं. दोन डाव्या. उलटा कोट. खिसा. आणि आरसा.

मामा ऐकत राहिले. मध्ये एकदाच विचारलं, "सरावाच्या कोटाचा खिसा डावीकडं होता?"

"होय मामा."

"नक्की?"

"मीच शिवलेला."

सुलूताई कॉफीचे पेले उचलायला वाकली होती, ती तशीच थांबली. मामा उठले, व्हरांड्याच्या टोकापर्यंत गेले, रस्त्यावर कुणाची स्कूटर सुरू होत नव्हती ती बघत राहिले. मग पाठमोरेच, कन्नडमध्ये, त्यांनी ते वाक्य म्हटलं. आईला तुझ्याकडंच राहू दे. माझ्याकडं ती कधी बोललीच नाही. एक अक्षर इकडचं तिकडं नाही. सुलूताईनं पदर तोंडाला लावला. तिनंही ते पहिल्यांदाच ऐकलं.

परत येऊन बसले तेव्हा त्यांचा आवाज कचेरीतला झाला होता. "किती माणसं होती त्या दिवशी?"

"चाळीस असतील."

"आणि आज तू मला सांगतोस ते माझ्या व्हरांड्यात, हळू आवाजात. सुलूनं तेवढं ऐकलं. त्या चाळिसांतले किती जिवंत आहेत मला माहीत नाही. पण आपल्या मंडळातल्या सगळ्यांनी मला विसरभोळा म्हणून सोडून दिलाय. तुमचा अंक निघतो ना दिवाळीला? त्यात लिही."

"लिहितो, मामा."

"आणि बघ, हसवू नको. तू सुरुवात केलीस की लोक तुझ्या बाजूला जातात. त्या दिवशीही गेले."

मी दुकानात परत आलो आणि पावतीपुस्तकाच्या पाठकोऱ्या पानांवर लिहायला बसलो.

तर मंडळातल्या सर्व सभासदांनी आणि ज्यांनी गेली तीस वर्षं जिवाजीराव या माणसाला विसरभोळा समजून पुन्हा नाटकाचं विचारलं नाही, किंवा त्यांच्याशी बोलताना आवाज मुद्दाम मोठा केला, त्या सगळ्यांनी कृपया वाचावं. खिसा मी हलवला होता. मला विचारलं तेव्हा मी खोटं बोललो. मामांना सगळं आठवत होतं, त्या दिवशीही आणि नंतरही.

छापायला देण्याआधी हा लेख मी त्यांना वाचून दाखवला. सुरुवातीच्या ढोलवाल्यावर त्यांनी कपाळाला आठी घातली, पण राहू दिलं. राजाचं भाषण म्हटलं ते नाटक कुठलं होतं तेही सांगितलं, त्यातली पाच-सहा वाक्यंही म्हणून दाखवली. मी शेवटाला आलो. शेवट मी चांगला लिहिला होता. त्यात मामांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मला मोठ्या मनानं क्षमा केली, असं होतं.

"हे कुठनं आणलंस?" ते म्हणाले.

"शेवट गोड व्हावा म्हणून, मामा."

"मी असं म्हटलंय का?"

"नाही."

"मग काढ ते."

मी त्यांच्यासमोरच त्या ओळींवर काट मारली. त्यांनी कागद हातात घेतला, काट नीट पडली आहे का ते बघितलं, आणि मला परत दिला.